डॉनी डार्को: 113 मिनिटांचा की 133 मिनिटांचा?

'डॉनी डार्को' हा सिनेमा बघायचं ठरवून शोधायला गेलात की पहिला घोळ तिथेच होतो. एक 113 मिनिटांचा, एक 133 मिनिटांचा. पहिला 2001 साली थिएटरात लागलेला, दुसरा 2004 चा डिरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच्या मनासारखी पुन्हा संकलित केलेली आवृत्ती. आता नावच असं असल्यावर कुणालाही वाटणार की अस्सल माल तोच, आधीचा म्हणजे कुणीतरी कात्री लावून बाजारात सोडलेला. त्यामुळे बरेच जण थेट मोठ्यावर उडी मारतात.

माझं मत उलटं आहे, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदाच बघत असाल तर 113 मिनिटांचा बघा. दुसरा नंतर, आणि तोसुद्धा सगळ्यांनी बघायलाच हवा असं नाही. खाली शेवट उघड करणारा एकच भाग आहे. तिथे तसं लिहिलंय, तो गाळून पुढे गेलात तरी चालेल.

'डिरेक्टर्स कट' या शब्दांना जे वजन आलं त्यात 'ब्लेड रनर'चा वाटा मोठा. 1982 मध्ये तो लागण्याआधी चाचणी खेळांना लोक गोंधळले. मग हॅरिसन फोर्डच्या आवाजातलं निवेदन घातलं गेलं, आणि शेवटी नायक-नायिका डोंगरातून गाडीने निघून जातात असा गोड शेवट जोडला गेला. त्यासाठीची हवाई दृश्यं कुब्रिकच्या 'द शायनिंग'च्या वेळी चित्रित होऊन शिल्लक राहिलेली होती. 1992 च्या आवृत्तीत निवेदन गेलं, गोड शेवट गेला आणि सिनेमा एकदम मोठा झाला. आपण सगळ्यांनी त्यातून एक समीकरण पाठ केलं: निर्मिती कंपनी समजावून सांगते, दिग्दर्शक प्रेक्षकावर सोडतो.

'डॉनी डार्को'त नेमकं याच्या उलट झालंय. इथे समजावून सांगायला स्वतः दिग्दर्शक आलाय.

गोष्ट कुठून सुरू होते तेवढं सांगतो. ऑक्टोबर 1988, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं मिडलसेक्स नावाचं सुखवस्तू उपनगर. बुश विरुद्ध डुकाकिस निवडणूक तोंडावर आलेली. डॉनी हा शाळकरी मुलगा, हुशार, चिडका, मानसोपचार चालू असलेला. एका रात्री सशाचा भेसूर मुखवटा घातलेला फ्रँक त्याला झोपेतून उठवून बाहेर नेतो आणि सांगतो की 28 दिवस, 6 तास, 42 मिनिटं आणि 12 सेकंदांनी जग संपणार आहे. डॉनी गोल्फच्या मैदानावर जागा होतो. घरी येऊन बघतो तर त्याच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळलंय. आणि कुठल्याही विमानाचं इंजिन हरवल्याची नोंद नाही.

रिचर्ड केली तेव्हा पंचविशीत होता आणि हा त्याचा पहिला सिनेमा. ड्रू बॅरीमोरची निर्मिती संस्था पाठीशी उभी राहिली, खर्च साधारण 45 लाख डॉलर, चित्रीकरण 28 दिवसांत. जेक जिलेनहाल डॉनी, त्याची सख्खी बहीण मॅगी पडद्यावरही बहीणच. जानेवारी 2001 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, पण थिएटरात लागायला 26 ऑक्टोबर उजाडला. मध्ये 11 सप्टेंबर होऊन गेलेला. आकाशातून विमानाचं इंजिन घरावर पडतं असा सिनेमा त्या शरद ऋतूत अमेरिकेत कोण बघणार? पहिल्या फेरीत तिथे जेमतेम पाच लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमला. मग न्यूयॉर्कच्या पायोनियर थिएटरात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि ते 28 महिने चालले. डीव्हीडी हातोहात फिरली. ब्रिटनमध्ये लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि त्यातलं 'मॅड वर्ल्ड' गॅरी ज्यूल्सच्या आवाजात 2003 च्या नाताळात तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढं झाल्यावर केलीला पुन्हा संकलनाला बसायची संधी मिळाली. मे 2004 मध्ये सिएटलच्या महोत्सवात डिरेक्टर्स कट दाखवला गेला.

म्हणजे हे लक्षात घ्या की लोक ज्याच्या प्रेमात पडले, ज्याच्यासाठी रात्री बारा वाजता रांगा लागल्या, तो 113 मिनिटांचाच होता.

सुरुवातीचं गाणं

फरक पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कळतो. पहाट, डोंगरातला रस्ता, सायकल आडवी पडलेली, डॉनी डांबरावर झोपलेला. उठतो, स्वतःशीच किंचित हसतो आणि सायकलवरून उतारावर घराकडे निघतो. जुन्या आवृत्तीत इथे 'द किलिंग मून' सुरू होतं. गूढ, थोडं थंड, नशिबाबद्दलचं गाणं. काहीतरी ठरलेलं आहे आणि हा पोरगा त्याच्याकडेच चाललाय, हे एकही संवाद नसताना अंगात भिनतं.

डिरेक्टर्स कटमध्ये तिथे इनएक्सएसचं 'नेव्हर टेअर अस अपार्ट' आहे. केलीच्या मनात मूळचं तेच होतं, म्हणजे हक्काने त्याने आपली निवड परत आणली. गाणं वाईट नाही, उलट फारच लोकप्रिय. पण ते प्रेमगीत आहे. त्याचे तार वाजायला लागले की दृश्य एकदम मोठं, भावुक होतं आणि डॉनीचं ते विचित्र हसू त्यात विरघळून जातं. 'द किलिंग मून' पुढे हॅलोविनच्या पार्टीत येतं. तिथेही ते शोभतं, पण तोवर त्याचं काम होऊन गेलेलं असतं. दोन्ही आवृत्त्यांचा हा एवढा तुकडा लागोपाठ बघितलात तरी तुमचा कौल कुणाकडे जाईल हे तुम्हाला कळेल.

पुस्तकाची पानं

खरा वाद मात्र इथे आहे. मिडलसेक्समध्ये रॉबर्टा स्पॅरो नावाची म्हातारी राहते. दिवसातून कितीदा तरी रस्ता ओलांडून पत्रपेटी उघडून बघते, आत काही नसतं. पोरं तिला 'ग्रँडमा डेथ' म्हणतात. कधीकाळी ती जोगीण होती, मग विज्ञान शिकवायला लागली आणि तिने कालप्रवासावर एक पुस्तक लिहिलं. विज्ञानाचे शिक्षक ते डॉनीच्या हातात ठेवतात.

जुन्या आवृत्तीत पुस्तक आहे, पण आत काय लिहिलंय ते आपल्याला धड वाचायला मिळत नाही. डॉनी वाचतो, त्याचा चेहरा बदलतो, आणि आपण त्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतो. डिरेक्टर्स कटमध्ये त्या पुस्तकाची पानंच अधूनमधून पडद्यावर येतात, प्रकरणांच्या शीर्षकांसकट. मुख्य विश्वाला फुटलेला एक अस्थिर फाटा, तो फार काळ टिकत नाही, त्यात एका माणसावर विशेष जबाबदारी येते, त्याला काही शक्ती मिळतात, भोवतालची माणसं नकळत त्याला त्या कामाकडे ढकलतात. हे सगळं नियमावलीसारखं. जोडीला डोळ्याची प्रचंड मोठी प्रतिमा आणि यंत्राच्या पडद्यासारखी झळकणारी दृश्यं.

वाचायला मजा येते हे कबूल. पण ती मजा कोडं सुटल्याची आहे. फ्रँक एखादं भयंकर काम सांगतो, शाळेत पाणी तुंबतं, कुणाचं तरी घर जळतं, आणि आधी आपण या मुलाच्या जिवासाठी घाबरत असतो. पान येऊन गेल्यावर आपण मनातल्या मनात रकाने भरायला लागतो: हा त्या प्रकरणातला, ती या प्रकरणातली. हेडफोनवर कुणीतरी सतत माहिती देतंय आणि आपण संग्रहालयातून चाललोय, तसं काहीसं होतं. शिवाय सबटायटल लावून बघणाऱ्यांची वेगळीच तारांबळ: खाली संवाद, वर पुस्तकाचं दाट इंग्रजी, आणि पान पुरतं वाचून व्हायच्या आत गेलेलं.

नवी दृश्यं

सगळीच वीस मिनिटं टाकाऊ आहेत असं अजिबात नाही. डॉनी आणि त्याचे वडील घरामागच्या अंगणात बोलतात ते दृश्य फार छान आहे. होम्स ऑसबोर्नने रंगवलेला हा बाप जुन्या आवृत्तीतही गोड आहे, पण इथे तो मुलाला सरळ सांगतो की तुला वेड लागलेलं नाही. एवढं एक वाक्य त्या घराची सगळी ऊब दाखवून जातं. हे मूळ सिनेमात राहायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

वर्गातली नवी चर्चा मध्यम. ग्रॅहम ग्रीनच्या कथेवर पालकसभेत रण माजल्यावर बाई 'वॉटरशिप डाउन' शिकवायला घेतात, म्हणजे पुन्हा ससेच, आणि डॉनी म्हणतो की सशासाठी माणसासारखं रडायचं कशाला. फ्रँकशी त्याचा धागा जुळतो, पण जरा जास्तच ठळकपणे.

आणि तिसरं दृश्य मला सगळ्यात खटकतं. कॅथरीन रॉसची मानसोपचारतज्ज्ञ डॉनीला सांगते की तुझ्या गोळ्या खऱ्या नाहीत, त्यात औषधच नाही. ती बोलते फार हळुवारपणे आणि अभिनय उत्तम आहे. पण जुन्या आवृत्तीत शेवटपर्यंत एक शंका जागी असते: फ्रँक आहे, की हे त्याच्या आजाराचं आणि औषधांचं काहीतरी आहे? या एका संवादाने त्या शंकेचा मोठा आधार काढून घेतला जातो.

इथे शेवट उघड होतो

अखेरीस काळ मागे वळतो, डॉनी पुन्हा 2 ऑक्टोबरच्या रात्री आपल्या पलंगावर असतो, हसतो, आणि इंजिन त्याच्यावर पडतं. दोन्हीकडे हेच. फरक आहे तो त्या हसण्याच्या अर्थात. जुन्या आवृत्तीत ते का, हे कुणी सांगत नाही. त्याला सगळं आठवतंय? स्वप्न समजून हसतोय? एकटं मरण्याची त्याला भीती होती, ती गेली का? वीस वर्षांहून जास्त काळ लोक यावर भांडताहेत. डिरेक्टर्स कट बघून आलेल्याकडे उत्तर तयार असतं: त्याच्यावर सोपवलेलं काम त्याने पूर्ण केलं, इंजिन जिथलं तिथे पाठवलं. उत्तर सुसंगत आहे, नियमांत बसतं. पण त्यामुळे डॉनी एका घाबरलेल्या, प्रेमात पडलेल्या मुलाऐवजी नेमून दिलेला नायक होतो. मग त्याची मैत्रीण ग्रेचेन सायकलवरून येते आणि ओळखदेख नसताना त्याच्या आईला हात करते. आईच्या भूमिकेतल्या मेरी मॅकडॉनेलचा तो चेहरा मात्र दोन्हीकडे तितकाच चिरत जातो. त्याला कुठल्याच पानाची गरज पडत नाही.

मग कुणी काय बघावं

तुम्हाला सिनेमा संपल्यावर चडफडायला आवडत नसेल, 'म्हणजे नक्की झालं काय?' हा प्रश्न घेऊन झोपता येत नसेल, विज्ञानकथेत नियम पक्के हवेत असं वाटत असेल, तर डिरेक्टर्स कट तुमच्यासाठीच आहे, खुशाल तिथून सुरू करा. असे प्रेक्षक काही कमी अकलेचे नसतात. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकानेही 2004 च्या आवृत्तीला आधीच्यापेक्षा अर्धा तारा जास्तच दिला होता.

बाकी सगळ्यांनी आधी 113 मिनिटं. मग आठवडाभर डोक्यात घोळू द्या, मित्रांशी वाद घाला. त्यानंतरही खाज राहिली तर डिरेक्टर्स कट, आणि तो 'खरा सिनेमा' म्हणून न बघता दिग्दर्शकाने स्वतःच्या सिनेमावर केलेलं भाष्य म्हणून बघा. तसा तो चांगला लागतो. वेळ कमी असेल तर आणखी एक वाट आहे: जुन्या डीव्हीडीवर वगळलेली दृश्यं आणि पुस्तकाची पानं जोडलेली होतीच. अंगणातला बाप तिथेही भेटतो आणि पानं आपल्या सवडीने वाचता येतात. मला स्वतःला हाच मार्ग सर्वात पटतो.

विकत घ्यायचा विचार असेल तर 2016 मध्ये अ‍ॅरो या कंपनीने केलेलं 4के पुनरुज्जीवन बघा. केली आणि छायालेखक स्टीव्हन पोस्टर दोघांच्या देखरेखीखाली झालंय आणि त्यात दोन्ही आवृत्त्या एकत्र मिळतात. ऑनलाइन भाड्याने घेताना मात्र आधी लांबी तपासा, कारण सिनेमाचं पोस्टर कधीकधी दोन्हीकडे सारखंच असतं. आणि शोधताना 'एस. डार्को' नावाचं काही समोर आलं तर तो 2009 साली आलेला पुढचा भाग आहे. केलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि तो किती मिनिटांचा आहे हे बघायचीही गरज नाही.