मायफिटनेसपाल: १,२०० चा आकडा येतो कुठून आणि तो बदलायचा कसा

मायफिटनेसपालमध्ये वय, उंची, वजन भरलं की ॲप क्षणात रोजच्या कॅलरीचं लक्ष्य देतं. बेताच्या उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला बहुतेक वेळा १,२०० हाच आकडा मिळतो. तो तिच्यासाठी काढलेला असतोच असं नाही. बायकांसाठी १,२०० आणि पुरुषांसाठी १,५०० याच्या खाली हे ॲप जात नाही, आणि हिशेब त्याखाली गेला की तिथेच अडतो.

उदाहरण घेऊ. वय ३५, उंची १५८ सेंमी, वजन ६८ किलो. आराम करतानाही शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतं हे सांगणारं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र बायकांसाठी असं आहे: वजनाची १० पट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट, वजा १६१. उत्तर येतं सुमारे १,३३०. बैठ्या दिनक्रमासाठी त्याला १.२ ने गुणलं की १,६०० च्या आसपास. आता सेटअपमध्ये ‘आठवड्याला अर्धा किलो कमी’ निवडलं, तर एक किलो चरबीला ७,७०० कॅलरी या नेहमीच्या हिशेबाने रोज ५५० वजा व्हायला हव्यात. उरतात १,०५०. ॲप १,२०० वर थांबतं, म्हणजे रोजची तूट ४०० चीच राहते. अर्धा किलो काही उतरत नाही, आणि बाईला वाटतं आपलंच कुठेतरी चुकतंय. ‘पाव किलो’ निवडा. २७५ वजा होऊन १,३२५ उरतात, आणि एवढ्यात माणूस जेवू शकतो.

दुसरी गफलत हालचालीच्या पातळीत होते. या ॲपमध्ये व्यायाम त्या पातळीत धरायचा नसतो; तो वेगळा नोंदवला की त्या दिवसाच्या कॅलरी वाढतात. रोज चालायला जातो म्हणून ‘ॲक्टिव्ह’ निवडलं आणि वर पावलं मोजणारं घड्याळही जोडलं, तर तेच चालणं दोनदा मोजलं जाण्याची शक्यता असते. सर्वात खालची पातळी ठेवा, स्टेप्स जोडा आणि ‘निगेटिव्ह ॲडजस्टमेंट’ चालू करा, म्हणजे कमी चाललेल्या दिवशी लक्ष्यही खाली येतं. घड्याळं जळालेल्या कॅलरी सढळ हाताने दाखवतात, त्यामुळे मिळालेल्या जादा कॅलरींपैकी निम्म्याच खाव्यात.

आता मॅक्रो. मूळची वाटणी ५० टक्के कार्ब्ज, २० टक्के प्रोटीन, ३० टक्के फॅट अशी असते. १,३२५ कॅलरीत २० टक्के म्हणजे ६६ ग्रॅम प्रोटीन. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर किलोमागे निदान १.२ ग्रॅम हवं, म्हणजे ८२. ‘मोअर’, मग ‘गोल्स’, मग कॅलरी आणि मॅक्रोच्या पानावर जाऊन ४५-२५-३० करा. ८३ ग्रॅम मिळतात. फुकट आवृत्तीत टक्के पाच-पाचनेच सरकतात, आणि या लक्ष्यावर एक पायरी म्हणजे सुमारे १७ ग्रॅम प्रोटीन. थेट ग्रॅममध्ये लक्ष्य ठेवायचं तर प्रीमियम लागतं. त्याची गरज फारच थोड्यांना आहे. बारकोड स्कॅनरही २०२२ पासून पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो, पण भाकरीवर कुठे बारकोड असतो? एक ध्यानात ठेवा: आकडे हाताने बदलल्यावर गाइडेड सेटअप पुन्हा चालवला तर ते पुसले जातात.

खरी कसोटी नोंदीत लागते. ॲपमधल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या आहेत. ‘पोळी’ शोधली की वेगवेगळे आकडे समोर येतात, आणि वजनाशिवाय त्यातला एकही कामाचा नाही. ३० ग्रॅम कोरड्या कणकेची पोळी साधारण १०० कॅलरींची. वर चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम तूप सोडलं की ४५ वाढल्या. कच्च्या तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये ३४० च्या आसपास कॅलरी असतात, शिजलेल्या वरणात त्याच्या पाव भागाहूनही कमी. इथे नोंदींची अदलाबदल झाली तर दिवसाचा हिशेब कोलमडतो.

उपाय म्हणजे ॲपमधली ‘रेसिपी’ची सोय. १५० ग्रॅम कोरडी डाळ आणि फोडणीचं १० ग्रॅम तेल भरा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवा. शिजल्यावर वरण ९०० ग्रॅम भरलं तर ‘सर्व्हिंग’ ९ लिहा; एक सर्व्हिंग म्हणजे बरोबर १०० ग्रॅम. १५० ग्रॅमच्या वाटीत सुमारे १०० कॅलरी आणि जेमतेम साडेपाच ग्रॅम प्रोटीन निघतं. ‘आम्ही रोज वरण खातो की’ या युक्तिवादाचं वजन तेवढंच! शाकाहारी घरात ८३ गाठायचे तर दही, दूध, पनीर, मोडाची उसळ यांच्या जोडीला सोयाबीन वडी लागतेच. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन असतं.

ग्रॅमचं लक्ष्य फुकटात हवं असेल तर क्रोनोमीटर हे दुसरं ॲप बघा. जीवनसत्त्वं आणि खनिजांचा हिशेब तिथे जास्त भरवशाचा आहे, मात्र आपले पदार्थ बरेचसे स्वतःच बांधावे लागतात. मधुमेहाची औषधं, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर दोन्हीपैकी कुठल्याही ॲपचं लक्ष्य डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाळू नका.

चार आठवडे लक्ष्याला हात लावू नका. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. पाळीच्या आसपास पाण्याने किलोभर फरक पडू शकतो, म्हणून मागच्या पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी तुलना करा. सरासरी हललीच नसेल तर आधी तेल मोजलं जातंय का ते तपासा, आणि मगच लक्ष्यातून १०० कमी करा.