विकायला मिलेटचा स्नॅक काढताय? मग नाचणी, ज्वारी की बाजरी?

स्नॅक काढायचा ठरला की सगळे आधी आयर्न-कॅल्शियमचे तक्ते उघडून बसतात. मीपण बसलो होतो, आणि कागदावर बाजरी इतकी भारी वाटली की पहिली बॅच तिचीच केली. क्रॅकर झाले मस्त कुरकुरीत, पण पीठ दळून आठ-दहा दिवस पडलेलं, त्यामुळे घास घेतला की आधी खवट वास आणि मग जिभेच्या मागे कडवटपणा, अख्खी बॅच फेकली. बाजरीत फॅट साधारण 5 टक्के असतं आणि दाणा फुटला की त्यातलं लायपेज नावाचं एन्झाइम लगेच त्या फॅटच्या मागे लागतं. उपाय आहे, दाणे दळायच्या आधी उकळत्या पाण्यातून पटकन काढून वाळवायचे नाहीतर नीट भाजून घ्यायचे, ओट्सला मिलमध्ये वाफ देतात तीही याचसाठी. पण म्हणजे एक स्टेप वाढली, आणि सुरुवातीला नेमकी तीच चुकते.

नाचणी टिकायला त्यामानाने सरळ, फॅट दीड टक्क्याच्या आसपास. कॅल्शियम 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम, यात बाकीची धान्यं तिच्या जवळपासही नाहीत. अडचण खाताना येते: बिस्किट दिसतं चॉकलेटी, लागतं रेतीसारखं आणि घशात तोठरा बसतो. पीठ एकदम बारीक चाळा, आणि ग्लुटेन नसल्यामुळे लाटताना कडा फाटतात म्हणून थोड्या पिठाची उकड काढून बाकीच्यात मळा. मोड आणले तर फायटेट (धान्यातला मिनरल अडकवून ठेवणारा घटक) कमी होऊन मिनरल जास्त लागू पडतात, पण मोडाच्या पिठातलं एन्झाइम स्टार्च तोडतं आणि गोळा सैल-चिकट होतो, तेव्हा ते थोडंच घाला.

ज्वारीचं प्लस म्हणजे ती गुपचूप असते! रंग फिका, चव मवाळ, कुठलाही मसाला बसतो. प्रोटीन 10 टक्क्यांच्या आसपास, पण शिजवल्यावर ते नीट पचत नाही आणि लायसिनही (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो आम्ल) कमी, त्यामुळे डाळीचं पीठ हवंच. मी साधारण 70-30 धरतो. डाळीत लायसिन भरपूर असतं, म्हणजे दोघांचं जमतं.

आता पद्धत. तळणाचं थोडक्यात सांगतो, चवीला एक नंबर, पण तळलेला स्नॅक 25-30 टक्के तेल सहज पितो, मग पाकिटावर 'पौष्टिक' कुठल्या तोंडाने छापणार? लाह्या सगळ्यात साध्या, फक्त न फुटलेले दाणे चाळून काढा, नाहीतर कुणाचा तरी दात जाईल. एक्स्ट्रुडरमध्ये (कुरकुऱ्यांसारखे पफ काढायचं मशीन) पिठाचा ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, आतल्या उष्णता-दाबाने पीठ शिजतं आणि डायमधून, म्हणजे तोंडाच्या साच्यातून, बाहेर पडताना पाण्याची एकदम वाफ होऊन पफ फुगतो. फॅट जास्त असलं की पीठ आत घसरतं आणि फुगतच नाही, म्हणून इथेही बाजरी मागे. आणि पफमधला स्टार्च पूर्ण शिजलेला असतो, साखर पटकन वाढते, 'शुगरवाल्यांसाठी बेस्ट' वगैरे छापायच्या फंदात पडू नका.

2023 मिलेट वर्ष झालं तेव्हापासून जो तो समोर 'मल्टीमिलेट' लिहितोय, मागची यादी वाचली तर पहिला मैदा किंवा मका. तसलं नका करू.

मला विचाराल तर मशीन नसेल आणि गिऱ्हाईक लहान मुलं असतील तर नाचणी-डाळीचे बेक क्रॅकर. एक्स्ट्रुडर जॉबवर्कने (दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन करून घेणं) मिळत असेल तर ज्वारीचे पफ. बाजरी पुढच्या वर्षी, आणि तीही थोडी-थोडी मिसळून. काहीही घेतलंत तरी लेबल छापायच्या आधी वीस पाकिटं सील करून ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडा, कुरकुरीत आहे की सादळलंय बघा, आणि खायच्या आधी वास घ्या.