एमएस आणि स्टेम सेल: सलाईनमधून की केमोतून?

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं, निदान होऊन काही वर्षं झाली, एक-दोन औषधं बदलून झाली, तरी अ‍ॅटॅक यायचा तो येतोच, आणि नात्यातल्या कुणीतरी 'स्टेम सेलने बरं होतं' असा व्हिडिओ पाठवलाय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्या जागी होतो. अमळनेरला शाळेत शिकवतो, वय तेव्हा ३६. आधी गोळ्या घेतल्या, मग प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब. ते चालू असतानाच उजवा डोळा दुसऱ्यांदा गेला. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या डाव्या डोळ्याला लाल दिसायच्या, उजव्याला विटकरी. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर आणि नसांवर उलटते, तो हा आजार; बाकी प्राथमिक माहिती तुम्हाला पाठ असणार, ती सोडून देतो.

घोळ नावातच आहे. 'स्टेम सेल' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे मेसेनकायमल पेशी. चरबीतून, बोन मॅरोतून किंवा बाळाच्या नाळेतून काढायच्या, वाढवायच्या आणि सलाईनमधून किंवा पाठीच्या कण्यात द्यायच्या. सकाळी जा, संध्याकाळी घरी या. दुसरी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या मूळपेशींचं (स्टेम सेलचं) प्रत्यारोपण. त्यात आधी इंजेक्शनं देऊन मॅरोतल्या पेशी रक्तात उतरवतात, मशीनवर गोळा करून गोठवून ठेवतात, मग जबर केमो देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि त्या पेशी परत देतात. खरं तर इथे स्टेम सेल हे औषधच नाही. औषध केमो आहे, पेशी फक्त माणसाला त्यातून परत उभा करतात. मला हे समजायला तीन महिने लागले.

चोपड्याकडे मेहुण्यांची केळी आहे. त्यांना सांगितलं तर अर्ध्या मिनिटात समजलं. "म्हणजे एक फवारणी, आणि दुसरं झाड उपटून नवी लागण." केळीवर हरण्या (माव्यामुळे पसरणारा विषाणूचा रोग) आला की मावा मारायला फवारतात, पण लागलेल्या झाडातून रोग निघत नाही, ते उपटूनच टाकावं लागतं. मग त्यांनीच विचारलं, "पण रोपं त्याच बागेतली लावणार, तर हरण्या परत नाही येणार?" नेमका प्रश्न होता. येऊ शकतो. जनुकं तीच राहतात. फक्त नव्याने तयार होणाऱ्या पेशी कोऱ्या असतात, मायलिनशी, म्हणजे नसांवरच्या आवरणाशी, वैर शिकलेल्या नसतात. काहींच्यात आजार वर्षानुवर्षं झोपून राहतो, काहींच्यात जागा होतो.

पुराव्याकडे पाहिलं तर फवारणीची बाजू हलकी पडते. मेसेनकायमल पेशींची एमएसमधली मोठी चाचणी 'मेसेम्स' या नावाने झाली. १४४ रुग्ण होते, निकाल २०२१ मध्ये आला. पेशी सुरक्षित ठरल्या, पण एमआरआयमधल्या नव्या डागांवर फरक दिसला नाही. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी फुप्फुसात अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्यातून नवी नस तयार होत नाही. या पेशींना १९९१ मध्ये हे नाव देणाऱ्या अर्नोल्ड कॅपलन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की नावातून 'स्टेम' काढून टाका. नाव ठेवणाराच नाव परत मागतो आहे, हे मला फार बोलकं वाटलं.

प्रत्यारोपणाच्या बाजूला 'मिस्ट' चाचणी आहे. ११० रुग्ण, दोन गट, निकाल २०१९ चा. प्रत्यारोपणाच्या गटात ३ जणांचं अपंगत्व वाढलं, औषधांच्या गटात ३४ जणांचं, आणि कुणी दगावलं नाही. पण इथे एक आडकाठी घालतोच. औषधांच्या त्या गटात ऑक्रेलिझुमॅबसारखी आजची तगडी औषधं नव्हती. पुढे २०२३ मध्ये रुग्णांच्या नोंदी जुळवून तुलना झाली, तेव्हा एमएसच्या औषधांपैकी फिंगोलिमॉडपेक्षा प्रत्यारोपण चांगलंच सरस ठरलं, नॅटालिझुमॅबपेक्षा थोडंसं, आणि ऑक्रेलिझुमॅबशी फरक दिसला नाही; अर्थात तो पाठपुरावा कमी काळाचा होता. म्हणून ज्यांना रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब लागू पडतंय, त्यांनी माझं ऐकून काहीही सोडू नये. त्यांची बाग चांगली आहे.

हे सगळं मी नंतर नीट वाचलं. निर्णय मात्र एका पावतीने झाला.

मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकशी बोलणं चालू होतं. माणसं गोड. फोनवरची मुलगी मला 'सर' आणि आईला 'आई' म्हणायची. पॅकेज सहा लाखांचं. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी नोंदणी केली तर पंधरा टक्के सूट. उपचारावर अखाजीची सूट ऐकून खटकलं, पण आपल्याकडे गाड्यांवरही असते, म्हणून सोडून दिलं. मी एवढंच म्हणालो की पेशी कोणाच्या, किती, कोणत्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हे लिहून द्या. "सर, ते डॉक्टर समजावतील." डॉक्टरांनी समजावलं, तोंडी. पुन्हा मागितलं. मग मेलवर एक कोटेशन आलं. त्यात लिहिलं होतं, 'वेलनेस व पुनरुज्जीवन पॅकेज, तीन सत्रं'. स्टेम सेल हा शब्द कुठेच नाही. एमएस हाही नाही. माझ्या एमआरआयची सीडी त्यांनी मागितली नव्हतीच. मी विचारलं, सहा महिन्यांनी डाग कोण मोजणार? पलीकडे थोडा वेळ शांतता, मग, "सर, तुम्हाला स्वतःलाच फरक जाणवेल."

जळगावच्या सराफाकडे बोटभर वाटी घ्या. पावतीवर वजन, कॅरेट, घडाई सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. इथे सहा लाखांच्या मालाचं वजन कुणी लिहायला तयार नव्हतं. आई खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "कागद नही तं पैसा नही." मग मी परत फोन केला नाही.

'तुम्हाला स्वतःलाच जाणवेल' यातली गोम खान्देशातल्या माणसाने तरी ओळखावी. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं वाढतात. विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी स्टँडवरून शाळेपर्यंत चालत गेलो की माझा डोळा धुक्यात जायचा, सावलीत बसलो की परत यायचा. आता दिवाळीला इंजेक्शन घ्या. पौषात तुम्हाला बरं वाटणारच, न घेतलं तरी वाटलं असतं. शिवाय हा आजार अ‍ॅटॅकनंतर बऱ्याचदा आपणहून ओसरतो. मला पाठवलेल्या व्हिडिओंतली बरीच माणसं स्वेटर घालून बोलत होती, हे माझ्या बायकोने दाखवून दिलं.

प्रत्यारोपणवाल्यांचा अनुभव उलटा. मुंबईला प्रत्यारोपण करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत 'मृत्यू' हा शब्द वापरला. सध्या एमएसमध्ये हा धोका फार कमी आहे, पण शून्य नाही, असं स्पष्ट सांगितलं. स्क्लेरोडर्मा या कातडी कडक करणाऱ्या आजाराच्या एका जुन्या युरोपीय चाचणीत उपचारानेच सुमारे दहा टक्के माणसं गेली होती, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. आणखी मूल हवं असेल तर वीर्य आधी गोठवून ठेवा, म्हणाल्या. बायको उठून बाहेर गेली. संमतिपत्र मराठीत होतं, भरपूर पानांचं, आणि वजनाच्या किलोमागे किमान वीस लाख पेशी मिळाल्या तरच पुढे जाऊ, हा आकडा त्यात छापलेला होता. घाबरलो खूप. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की आज कुणी मला काही विकलं नाही.

खर्च सगळा मिळून १२ लाखांच्या आसपास आला. शेतातला एक तुकडा गेला. महिनाभर बंद खोली, केस गेले, तोंड आलं, अकराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर सरकल्या. पेशी गोठवताना त्यात जे द्रव्य घालतात त्याचा लसणासारखा वास दोन दिवस अंगाला येत होता. बायको म्हणाली, घरी आल्यासारखं वाटतंय. लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागल्या.

त्यानंतर तीन उन्हाळे गेले. अ‍ॅटॅक नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही. जुनं मात्र परत आलं नाही. उजवा पाय संध्याकाळी घासतोच, आणि मिरच्या त्या डोळ्याला अजून विटकरीच दिसतात. हे एकट्या माणसाचं सांगणं आहे, याला पुरावा म्हणू नका. वय कमी, अ‍ॅटॅक चालू, एमआरआयमध्ये ताजे डाग आणि चालता-फिरता माणूस, अशांनाच याचा फायदा जास्त होतो. अ‍ॅटॅक थांबून नुसतं हळूहळू खालावणं चालू असेल, तर मी स्वतः हा धोका घेतला नसता.

ल्युपसवाले (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) विचारतात ते कार-टी, म्हणजे प्रयोगशाळेत बदल करून परत दिलेल्या प्रतिकारपेशी, हे तिसरंच प्रकरण. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये त्याचे सुरुवातीचे निकाल चांगले आले, पण त्या टी-पेशी असतात, स्टेम सेल नव्हेत. आणि मेसेनकायमल पेशी घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत चाचणीत घ्या. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेलचा वापर चाचणीतच करायचा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज सांगितलं की ओळखा.

मुंबईला जायचं ठरलंच, तर दिवाळीनंतरचं बघा, म्हणजे घरी परतल्यावरचे पहिले महिने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जाणार नाहीत. तेव्हा शेतातल्या भरीत पार्ट्या चालू असतील आणि बोलावणी येतील. प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, पण भरीत खायला हरकत नाही, वांगं भाजलेलंच असतं. वरून पेरलेली कच्ची कांद्याची पात तेवढी काढायला सांगा.