फोंड्यातला राष्ट्रवादाचा वर्ग: शिकवणं झकास, हिशेब अर्धवट

आठ शनिवार, दुपारी चार ते सहा, फी १,५०० रुपये. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारापासून चालत जाण्यासारखी, पहिल्या मजल्यावरची खोली. विषय: आधुनिक राजकारणातला राष्ट्रवाद आणि वांशिक अस्मिता. आयोजकांचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं कडूही लिहिणार आहे. फोंड्यात वाचणाऱ्या कुणालाही विचारा, सांगतील. मी हायस्कूलला इतिहास शिकवते. मॅझिनी, गॅरिबाल्डी, बिस्मार्क एवढ्यावर राष्ट्रवाद आटोपायचा कंटाळा आला होता म्हणून नाव घातलं.

सर निवृत्त प्राध्यापक, मूळचे पेडण्याचे. शिकवतात मराठीतून, चिडले की कोकणीतून. सुरुवात केली फ्रेंच विचारवंत एर्नेस्ट रेनानपासून. राष्ट्र हा रोज घेतला जाणारा जनमत कौल आहे, असं त्याने १८८२ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात मांडलं होतं. हे गोव्यात ऐकल्यावर गप्प कोण बसणार? मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “सर, आमच्याकडे तो खराच झाला!” सर म्हणाले, थांबा, आधी जग फिरून येऊ.

जग त्यांनी छान फिरवलं. रवांडाचा शनिवार तर विसरणं कठीण. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद केली. त्याआधी हे भेद नव्हते असं नाही, पण गुरंढोरं, मानपान, राजदरबाराशी नातं यांवरून ते थोडेफार बदलू शकत. कार्डावर चढल्यावर ते पक्के झाले आणि १९९४ च्या तुत्सींच्या हत्याकांडात रस्त्यारस्त्यावर अडवून तेच कार्ड बघितलं गेलं. युगोस्लाव्हियाने १९७१ च्या जनगणनेत ‘मुस्लिम’ हे राष्ट्रीयत्व म्हणून नोंदवायला मुभा दिली, तेही इथेच कळलं. फ्रेडरिक बार्थ या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञाचं १९६९ चं म्हणणं असं, की समूह टिकतो तो त्याच्या आतल्या चालीरीतींमुळे नव्हे, तर ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली सीमा सांभाळली जाते म्हणून. माझ्या घरचंच उदाहरण मी दिलं: जनगणनेत वडिलांनी मातृभाषा मराठी सांगितली, सख्ख्या आत्येने कोकणी. दोघंही भांडत कोकणीतून. सर हसले, पण वहीत टिपून घेतलं.

मग एकदाचा गोवा आला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, संघप्रदेश म्हणजे केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालेलं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आणि मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा सत्तेवर परत कोण? बांदोडकरांचा विलीनीकरणवाला मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच. सरांनी शेजारी स्कॉटलंड लिहिलं: सप्टेंबर २०१४ मध्ये ५५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला नकार दिला, आणि मे २०१५ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षाने ब्रिटिश संसदेच्या तिथल्या ५९ पैकी ५६ जागा मारल्या. फळ्यावर ही जोडी बघून मी खरंच सरसावून बसले.

पण इथेच वर्ग घसरला. सरांचं स्पष्टीकरण सगळं मानसिक पातळीवरचं: माणसाला एकाच वेळी दोन अस्मिता असतात, एक घरची, एक राज्याची, वगैरे. असतीलही. माझे आजोबा कूळ होते. त्यांनी फुलावर शिक्का मारला आणि नंतर मगोच्या सिंहावर. त्यांच्यासाठी मगो म्हणजे १९६४ चा कूळ कायदा आणि गावात उघडलेली मराठी प्राथमिक शाळा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात उभं न राहण्याची सोय, असं म्हणा हवं तर. कौलात संघप्रदेशाला मत देऊनही कुणाला तोच पक्ष सरकारात हवा असेल, तर त्याला दुभंगलेलं मन कशाला लागतं? शिवाय साधी मोजणी आहे. कौलात सगळ्या गोव्याची मतं एकाच पेटीत पडल्यासारखी मोजली गेली, निवडणुकीत मतदारसंघवार. सासष्टीत दोन पानांना पडलेल्या जादा मतांनी फोंड्यात आमदार निवडून येत नाही. हे मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “तो निवडणूक पद्धतीचा विषय, आपला नव्हे.” का नव्हे?

किरकोळ तक्रारी: झेरॉक्स सगळ्या इंग्रजीत आणि फिक्या. गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा शेवटच्या अर्ध्या तासात उरकला, आणि तेवढ्यात दोन जण कडाकडा भांडलेच. पंखा आवाज करतो, पुढे बसा. मधल्या सुट्टीतला चहा मात्र फीमध्येच, आणि खाली भाजी-पाव उत्तम.

पाचपैकी साडेतीन. शिक्षकांनी, वकिलीच्या मुलांनी जरूर जावं. नेट-सेटच्या तयारीसाठी कुणी जात असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. पुढची तुकडी चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, सुरू होते. कूळ कायद्यावर एक शनिवार ठेवा असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिलंय. ठेवला तर पुन्हा फी भरीन.