पारसिकच्या उतारावरचा लावा: रानलावा की खडकलावा?

एप्रिलमध्ये पारसिकच्या डोंगरउतारावरचे गवत वाळले, की पायाजवळून भुर्रकन उठलेला लावा पक्षी नेमका कोणता, हे ठरवताना ठाणे-नवी मुंबईतले पक्षिनिरीक्षक अनेकदा अडतात. मराठीत अशा दोन जातींना सरसकट लावा किंवा लावरी म्हटले जाते. म्हणून येथे सोयीसाठी शास्त्रीय नावाने पर्डिक्युला एशियाटिका हा रानलावा आणि पर्डिक्युला आर्गुंडा हा खडकलावा मानला आहे. दोघेही साधारण १७ सेंटिमीटरचे असतात, छोट्या थव्याने राहतात आणि शक्यतो न उडता झुडपांतून पळणे पसंत करतात, त्यामुळे आकार किंवा सवयी यांवरून निर्णय होत नाही.

निर्णय होतो तो गळ्यावरून, आणि तोही नराच्या नव्हे तर मादीच्या. रानलाव्याच्या मादीचा गळा नरासारखाच ठळक तांबूस असतो, तर खडकलाव्याच्या मादीचा गळा फिकट, पांढुरका असतो आणि खालचे अंग एकसारखे फिकट दिसते. दोन्ही जातींच्या नरांच्या छातीपोटावर काळे-पांढरे पट्टे असतात. फरक इतकाच, की रानलाव्याची तांबूस भुवई (डोळ्यावरची पट्टी) लांब व पांढऱ्या कडेची असते आणि पाठीवर काळे ठिपके व फिकट रेघा उठून दिसतात, तर खडकलाव्याचा गळा मळकट विटकरी आणि पाठ सपाट वाटते. उन्हात घाईने काढलेल्या छायाचित्रात हा फरक सहज पुसला जातो, म्हणून थव्यातली एखादी मादी टिपली गेली आहे का, हे आधी पाहावे.

अधिवासाच्या बाबतीत मात्र फसगत संभवते. दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करणाऱ्या साइक्स यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेला खडकलावा कोरड्या, दगडधोंड्यांच्या, विरळ काटेरी झुडपांच्या उतारांवर राहतो. पारसिकचा उतार उन्हाळ्यात अगदी तसाच भासतो, पण तेथे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे ठाण्याजवळचे येऊर आणि पारसिक येथे रानलावाच अधिक संभवतो. खडकलाव्यासाठी माळशेज घाट ओलांडून पर्जन्यछायेतल्या माळांकडे जाणे शहाणपणाचे.

तिसरा उमेदवार म्हणजे पट्टेदार टर्निक्स हा लाव्यासारखा दिसणारा वेगळाच पक्षी, ज्याला निष्कारण लावा समजले जाते. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, डोळा फिकट असतो आणि मादीच नरापेक्षा भडक, काळ्या गळ्याची असते.

मादी दिसली नाही, नराची भुवई अस्पष्ट आली आणि जागा पारसिकचीच असेल, तर नोंदीत ‘पर्डिक्युला, बहुधा रानलावा’ इतकेच लिहावे.