गिटहबचं प्रायव्हेट रिपोर्टिंग: चवथीत लाज राखली
फोंड्यात बसून आम्ही दोघं गिटहबवर (कोड ठेवायची साइट) एक छोटंसं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, पंचांगाचं पॅकेज चालवतो, त्याला कोण कशाला हॅक करणार असं वाटायचं. मग एकाने सिक्युरिटीचा बग सरळ पब्लिक इश्यूत (सगळ्यांना दिसणाऱ्या तक्रारीत) टाकला, त्याचा फायदा घेणाऱ्या चालत्या कोडसकट, म्हणजे घराची चावी दारालाच लटकवून गेला! त्याचा तरी काय दोष, सांगायचं कुठे हे आम्हीच लिहिलं नव्हतं. त्यानंतर गिटहबचं प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग (असा बग गुपचूप कळवायची सोय) चालू केलं. फुकट आहे, २०२३ पासून सगळ्या पब्लिक रेपोंना (कोडच्या खुल्या साठ्यांना) मिळतं, पण सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करायचं हां.

पुढचा रिपोर्ट आला नेमका गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, मी माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायला स्टुलावर चढलेलो. पण यावेळी तो फक्त आम्हालाच दिसत होता, त्यामुळे "मिळाला, बघतो" एवढं कळवलं आणि आरत्या-बिरत्या निवांत उरकून आठवड्याने फिक्स केला. तिथेच प्रायव्हेट फोर्क (फिक्स करायला कोडची खाजगी प्रत) काढता येतो, सीव्हीई नंबरही (अशा बगचा अधिकृत ओळख क्रमांक) तिथूनच मागता येतो.

खटकलं एकच, त्या तात्पुरत्या फोर्कमध्ये सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) चालत नाही. गुपित फुटू नये म्हणून तसं ठेवलंय, पटतं, पण टेस्ट लॅपटॉपवर चालवायच्या आणि इथे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एआयकडून लिहून घेतलेले पोकळ रिपोर्ट मात्र आपणच चाळायचे, कर्ल या प्रसिद्ध ओपन सोर्स टूलवाल्यांनी तर त्याबद्दल जाहीर त्रागा केलाय.

पाचपैकी चार स्टार.