लो-बो स्टिक: ड्रॅगफ्लिकसाठी झकास, हिटसाठी जपून

पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी कर्णधार हरमनप्रीत सिंगने 10 गोल ठोकले. स्पेनला 2-1 ने हरवून कांस्य मिळालं, त्या सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच. तो हंगाम डोळ्यांत साठवलेला चाहता दुकानात शिरला की आधी लो-बो (खालच्या टोकाशी बाक असलेली) स्टिकच उचलतो, आणि ते रास्तच आहे. बाक हेडच्या, म्हणजे स्टिकच्या वळलेल्या खालच्या टोकाच्या, जवळ असल्यामुळे ड्रॅगफ्लिकला (चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याच्या फटक्याला) चेंडू दांड्याला चिकटून सरकतो आणि सुटताना जबरदस्त वेग घेतो. नियमाने बाक 25 मिमीपर्यंतच चालतो. सपाट बाजू टेबलावर पालथी ठेवून मधली फट मोजूनच घ्या.

सरळ हिटला मात्र हीच स्टिक दगा देते. फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, किंचित वर उघडा राहतो नि चेंडू उडतो, म्हणून हात चेंडूच्या थोडे पुढे हवेत. 90 टक्के कार्बन फायबरची स्टिक फारच ताठ, ट्रॅप करताना (चेंडू अडवताना) चेंडू उसळतो. नवख्यांनी 50 टक्क्यांच्या खालीच राहावं.

रिव्हर्स हिटने (स्टिक उलटी करून कडेने मारलेल्या फटक्याने) स्टिकची कड टर्फवर घासून झिजते. अंगठा हलकेच फिरवून पाहा, खरखर लागली तर लगेच टेप लावा. भर उन्हात स्टिक गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.